खोट्या माशांचे रंग

शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५. नईम.
हवा दमट, वारा अजिबात नाही. सकाळी खालून दूध, पाव, लिंबं. दुपारी साफी मासळी तळली, आमटी-भात. चारच्या सुमारास सुयश आला. खोट्या माशांचा नवा डबा घेऊन आला होता. त्याला सांगितलं, पितृपंधरवडा चालू आहे, नवी वस्तू आत्ता उघडायची नाही. चहा घेऊन गेला. एसीतून पाणी गळतंय, खाली बादली ठेवली.

एवढं लिहून अरुणाबाई कर्णिकांनी पेनाला टोपण लावलं. अक्षर अलीकडे मोठं येत होतं. पूर्वी एका पानावर दोन दिवस बसायचे, आता एक दिवसही कसाबसा मावायचा. पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये डायरीची सवय लावणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, काय झालं ते वहीत लिहा, काय वाटलं ते देवाला सांगा. अरुणाबाईंनी साठ वर्षं पहिली अर्धी आज्ञा पाळली. दुसरीच्या वाटेला त्या फारशा गेल्या नाहीत.

म्हणूनच त्या दिवशीच्या ओळींत वाचणाऱ्याला काही वावगं दिसलं नसतं. लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. खोटं होतं ते सुयशला सांगितलेलं कारण. अरुणाबाईंनी जन्मात कधी पितृपक्ष पाळला नव्हता. नवरा गेला तेव्हा त्यांनी श्राद्धाऐवजी बहारीनमधल्या सित्रातल्या कामगारांच्या कॅम्पात जेवण दिलं होतं आणि नातेवाइकांची कुजबुज निमूटपणे ऐकून घेतली होती. पण नातू डब्याचं झाकण उघडायला लागला आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. पितृपंधरवडा. स्वतःचं त्यांनाच नवल वाटलं.

डबा उघडला असता तर सुयशने विचारलं असतं, आजी, यातला तांब्याचा कोणता? आणि अरुणाबाईंना ते सांगता आलं नसतं.

हे सगळं नीट कळायला जयप्रकाश कर्णिकांपर्यंत मागे जायला हवं.

जयप्रकाश मनामातल्या एका जहाज एजंटाच्या ऑफिसात अकाउंटंट होते. ते १९७३ साली बहारीनला आले, पुढच्या वर्षी लग्न करून अरुणाबाईंना घेऊन आले आणि नईममधल्या या तिसऱ्या मजल्यावर दोघांनी बिऱ्हाड मांडलं. पहिल्या दिवाळीला त्यांनी बाजारातून साडी आणली. "हिरवी आहे. तुला आवडते ना हिरवी?" साडी चॉकलेटी होती. अरुणाबाईंना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि ती नेसून तशाच फराळाला गेल्या. महिनाभराने जयप्रकाशांनी आपणहून सांगितलं. लाल, हिरवा, तपकिरी हे त्यांना एकाच मातीचे दिसत. "ऑफिसात कळू देऊ नकोस. लाल शाईतला आकडा ज्याला ओळखता येत नाही त्याला अकाउंट्समध्ये कोण ठेवील?"

तेव्हापासून घरातलं रंगाचं खातं अरुणाबाईंकडे आलं. शर्टावर कोणती पॅन्ट, बाजारातला टोमॅटो पिकलाय की नाही, सगळं. आणि शुक्रवारचे खोटे मासेही.

जयप्रकाशांना मासेमारीचा नाद लागला तो शिरीष राण्यांमुळे. शिरीष सित्राला नोकरीला होते, मूळचे मालवणचे, आणि एका छोट्या होडीत त्यांचा हिस्सा होता. दर शुक्रवारी पहाटे दोघं निघायचे. शिरीषचा विश्वास जिवंत आमिषावर, कोळंबीवर. जयप्रकाशांना मात्र ओला वास नको असायचा. ते दुकानातून ल्यूर आणत. लाकडाचे, प्लास्टिकचे, पत्र्याचे, पोटाला तिहेरी गळ लावलेले. अरुणाबाईंनी त्यांना खोटे मासे हे नाव दिलं. पत्र्याचे ते चमचे, कारण ते दिसायचेच दांडा मोडलेल्या चमच्यासारखे.

शुक्रवारी पहाटे चहा झाला की जयप्रकाश विचारायचे, "आज काय देतेस?" अरुणाबाई गच्चीवर जाऊन आभाळ बघायच्या, समुद्राच्या बाजूला धूळ आहे का बघायच्या, खाली येऊन बिस्किटांच्या डब्यातून तीन खोटे मासे काढून रुमालात गुंडाळून द्यायच्या. स्वतः होडीत एकदाच बसल्या, आणि सित्राचा किनारा सुटायच्या आत त्यांचा सकाळचा नाश्ता समुद्राला अर्पण झाला. पुन्हा कधी गेल्या नाहीत. पण त्यांना समुद्राची बातमी दुसऱ्या वाटेने मिळायची. आलेला मासा त्याच साफ करायच्या. पोट चिरलं की आत त्याने काय गिळलंय ते दिसे. कधी बोटाएवढी चंदेरी मासळी, कधी पट्ट्यापट्ट्यांची, कधी छोटे खेकडे. पुढच्या शुक्रवारी त्या तसाच खोटा मासा द्यायच्या. ही त्यांची सगळी विद्या. शिरीष म्हणायचे, "वहिनी, याला मासे लागतात ते तुमच्या स्वयंपाकघरामुळे. हा नुसता दोरी धरून बसतो."

एकदा संध्याकाळी परत येताना जयप्रकाशांच्या हातात सुकाणू होतं. समोरून येणाऱ्या लाँचचा लाल दिवा त्यांनी हिरवा वाचला. लाँच इतक्या जवळून गेली की होडीच्या कडेला बांधलेला दोर तिने खरवडून नेला. शिरीष ओरडले, झोपला होतास का? जयप्रकाश म्हणाले, हो, डोळा लागला. खरं सांगण्यापेक्षा त्यांना तेच सोपं वाटलं. त्यानंतर पाठीचं निमित्त काढून त्यांनी सुकाणू कधीच धरलं नाही, आणि जेवायला आलेल्या शिरीषना अरुणाबाई सांगत राहिल्या, "हो ना, पाठ फार धरते हल्ली यांची." शिरीष बिचारे मालवणहून तेल घेऊन आले. ते तेल जयप्रकाशांना लावून घ्यावं लागलं. न दुखणाऱ्या पाठीला अरुणाबाई कित्येक महिने तेल चोळत होत्या.

जयप्रकाश गेले त्याला चार वर्षं झाली. शिरीष निवृत्त होऊन मालवणला गेले. बिस्किटांचे डबे कपाटाच्या वरच्या फळीवर राहिले.

अरुणाबाईंच्या डोळ्यांना हे कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही. आधी वाटलं, कपडे धुण्याची पावडर खराब आली. पांढरे कपडे पिवळट दिसायला लागले. मग निळा आणि काळा एक झाले. मग हळदीच्या वाटीशेजारी धन्याची पूड ठेवली तर त्या वास घेऊन ओळखू लागल्या. तळण तांबूस झालं की नाही हे बघायचं त्यांनी सोडून दिलं. तेलाचा आवाज बसला की झारा घालायचा. जमालुद्दीन, खालच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे किराणा दुकानाचा मलबारी मालक, एकदा म्हणाला, "अम्मा, ये तो बाथरूम का है, बर्तन का हरा वाला है." अरुणाबाई म्हणाल्या, "मालूम है, दोनो चाहिए." आणि नको असलेली बाटली घरी घेऊन आल्या.

मे महिन्यात त्या टॅक्सी करून एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर तरुण होता, सौम्यपणे बोलला. उजव्याचं ऑपरेशन करता येईल. डाव्याच्या आतला पडदाच थकलाय, तिथे फारसा फरक पडणार नाही. घरी कोण असतं तुमच्याबरोबर, असं त्याने विचारलं. "मुलगी," त्या म्हणाल्या. मुलगी सावनी रिफाला राहत होती, नवऱ्याबरोबर, बागेच्या घरात, आणि मनामात बँकेत होती.

सावनीने तळमजल्यावरची खोली आईसाठी केव्हाची तयार ठेवली होती. दर दोन-तीन महिन्यांनी विषय निघायचा. आई, एकटी कशाला? लिफ्ट बंद पडते, रात्री काही झालं तर? अरुणाबाई दर वेळी एकच उत्तर द्यायच्या. "माझे हातपाय चालतात, डोळे चालतात. ज्या दिवशी चालायचे बंद होतील त्या दिवशी येईन." हे बोलून बसल्या ती चूकच झाली. आता डोळ्यांचं सांगायचं म्हणजे आपल्याच शब्दाने घर सोडायचं.

त्यांची मैत्रीण पूर्णिमा दोन वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला गेली. मुलगा प्रेमळ, सून प्रेमळ. पूर्णिमा म्हणाली होती, "सगळं हातात मिळतं गं. पण साखर कुठे ठेवलीय ते विचारावं लागतं." नईमच्या आपल्या दोन खोल्यांत अरुणाबाईंना काही विचारावं लागत नव्हतं. अंधारातही साखर सापडत होती. एवढंच होतं त्यांच्याजवळ, आणि तेवढं राखताना त्या थकून गेल्या होत्या. दिवसभर दिसत असल्यासारखं वागायचं हे वय झालेल्या माणसाला फार जड काम आहे.

आणि त्यात हा सुयश.

सुयश हा सावनीचा मुलगा, पंचविशीचा, इंजिनियर. आजोबांचा रंगांचा घोटाळा आईच्या वाटे त्याच्याकडे आला होता. पण त्याला त्याची लाज नव्हती. "आय ॲम आजोबा, व्हर्जन टू," असं तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचा. त्याला स्वीडनमध्ये नोकरी लागली होती, एका मोठ्या तलावाच्या काठच्या गावात. मंगळवारचं विमान होतं. तिथल्या ऑफिसातले लोक सुट्टीच्या दिवशी पाइक नावाचा मासा धरायला जातात, आणि त्यांनी त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. मग त्याने ऑनलाइन ल्यूर मागवले, ढीगभर, आणि सामानात थोडेच मावणार म्हणून निवडायला आजीकडे घेऊन आला. दुसऱ्या कोणाकडे जाणार होता?

शनिवारी सकाळी तो पुन्हा आला, बरोबर सावनी. तिने आल्या आल्या एसीखालची बादली रिकामी केली आणि पाणी प्यायला फ्रिज उघडला.

"आई, ही साफी कधीची?"

"कालची. दोन उरल्यात. खाणार का?"

सावनी फ्रिजचं दार धरून उभी राहिली. "काल पितृपक्ष होता ना?"

अरुणाबाईंनी टेबल पुसायला घेतलं.

"सुयशने सांगितलं, आजी म्हणाली अमावास्येपर्यंत डबा उघडायचा नाही. मला वाटलं, वय झालं की माणसं बदलतात. पण पितृपक्षात साफी तळतेस म्हणजे अजून बदललेली दिसत नाहीस."

"नव्या वस्तूबद्दल म्हणाले मी. साफी जुनीच होती."

सुयश हसला. सावनी हसली नाही. "बाबांच्या वेळेला सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यास, पण भटजी बोलावला नाहीस. आणि आज नातवाच्या प्लास्टिकच्या माशांना पितर आडवे येतात? काय झालंय तुला?"

"काही झालं नाही. आण रे तो डबा."

तेवढ्यात सावनीचा फोन वाजला. एसीवाला होता. ती पत्ता सांगत आतल्या खोलीत गेली, कारण दुसरा एसीही तिला बघायचा होता.

सुयशने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. अरुणाबाईंनी खुर्ची ओढली. गळाची टोकं कुठे असतील याचा अंदाज बोटांना होता. चाळीस वर्षांची सवय. एकेक उचलून त्या तळहातावर तोलू लागल्या.

"पाणी कसं आहे तिथलं?"

"आजी, तलाव समुद्राएवढा आहे. दुसरा किनारा दिसत नाही. पण सॉल्ट नाही, टाइड नाही. पाणी कोऱ्या चहासारखं. दे सेंट मी फोटोज."

"भरती-ओहोटी नाही म्हणजे मासा तुझ्याकडे येणार नाही. इथे पाणी त्याला आणून देतं. तिथे तूच शोधत फिरायचं." त्यांनी जड चमचे एका बाजूला केले. "हे लांब जातात. आधी हे टाकायचे. मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर निदान कुठे नाही ते कळतं. तो राहतो कुठे, हा तुझा पाइक?"

"पाणवनस्पतींच्या कडेला. लपून बसतो आणि एकदम झडप घालतो. तोंड बॅराकुडासारखं, दात पण."

"मग दोरीच्या टोकाला पोलादी तार लावल्याशिवाय जाऊ नकोस, दातांनी तोडेल. तुझ्या आजोबांनी तार न लावता सात-आठ मासे समुद्राला दान केलेत." एक लाकडी मासा त्यांनी बोटांनी चाचपला. पोटाला वजन नव्हतं. "हा तरंगणारा. गवतावरून न्यायला हा चांगला. आणि हा बघ, हा धड बुडत नाही, धड वर येत नाही. थंडी पडली की मासा आळशी होतो. धावत जाणाऱ्याच्या मागे लागत नाही. त्याच्यासमोर हा नुसता टांगून ठेवायचा. ओढायचा, थांबायचं. ओढायचा, थांबायचं. थांबशील तेव्हाच घेईल."

"हाउ डू यू नो?"

"मीही आता आळशीच झालेय. ते जाऊ दे. खातो काय तो?"

"पट्टेवाला एक छोटा मासा असतो, त्याचे कल्ले लाल. असं म्हणतात. मला काय, लाल आणि चिखल एकच."

"पहिला मासा मिळाला की पोट उघडून बघ. कोणी काय म्हणतं त्यापेक्षा ते खरं."

"आजी, तिथे ते सोडून देतात."

"काय सोडून देतात?"

"मासा. फोटो काढतात आणि परत पाण्यात."

अरुणाबाईंनी हातातला खोटा मासा खाली ठेवला. "मग धरतात कशाला?"

"स्पोर्ट."

"त्या माशालाही सांगितलंय का, हा खेळ आहे म्हणून?" त्या जराशा हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की पोट चिरायचं नाही म्हणजे त्यांची अर्धी विद्या त्या तलावावर चालणारच नाही. उरला फक्त रंग. आणि सुयशने नेमका तोच प्रश्न विचारला.

"ओके, आता कलर. चहासारख्या पाण्यात तांब्याचा चमचा घे, असं तिथला माझा मित्र म्हणतो. सिल्व्हर दिसतच नाही म्हणे, क्लिअर पाण्यात ठीक. यातला तांब्याचा कोणता?"

समोर पाच-सहा चमचे होते. अरुणाबाईंना सगळे सारखेच दिसत होते, जुन्या पितळेसारखे, वर चहा सांडल्यासारखे. त्यांनी खिडकीकडे पाठ केली, मग खिडकीकडे तोंड केलं. काल पितरांच्या नावाने वेळ मारून नेली होती, पण ती पुरली नव्हती. सुयशला रंग दिसत नाहीत, एवढाच आधार होता. आपण जे देऊ ते तो घेईल. मासा लागला नाही तर तो दोष तलावाला देईल.

"हा," त्या म्हणाल्या. "आणि हा. हे दोन तांब्याचे."

सुयशने ते घेतले. मग सवयीने खिशातून फोन काढला आणि एका चमच्यावर धरला. फोनमधली बाई इंग्रजीत बोलली, "कॉपर." त्याने दुसऱ्यावर धरला. "सिल्व्हर," बाई म्हणाली.

त्याने फोन पुन्हा नीट धरला. "सिल्व्हर," बाई पुन्हा म्हणाली. तेवढ्याच आनंदी आवाजात.

"हे काय आहे?" अरुणाबाईंनी विचारलं.

"ॲप आहे. रंग सांगतं. शर्ट-बिर्ट घेताना लागतं मला." तो अडखळला. "कधी कधी चुकतं ते. लाइट नीट नसला की."

म्हणजे त्याला रंग सांगायला आजीची गरजच नव्हती. आजोबा निघताना आजी रुमालात गुंडाळून द्यायची, म्हणून तो आला होता. हे अरुणाबाईंना कळलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते सुयशलाही कळलं असावं. मग त्याने फोन खिशात घातला आणि चंदेरी चमचा हळूच तांब्याच्या चमच्याबरोबर रुमालात ठेवला. निवडलेल्यांत.

आतून सावनी आली. "उद्या येतो म्हणतोय एसीवाला, इंशाल्ला. म्हणजे परवा. काय, झालं का तुमचं?"

"डन, मॉम," सुयश म्हणाला. "आजी इज स्टिल दि बॉस. सगळे कलर पर्फेक्ट."

किती सहज म्हणाला. अरुणाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा त्यांना पिवळट धुक्यातून दिसत होता, पण आवाज स्वच्छ ऐकू येत होता, आणि तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पाठ फार धरते हल्ली यांची. तसाच, जरा जास्त मोकळा. उद्या सावनी फोनवर त्याला विचारील, आजी कशी वाटली तुला? आणि हा परक्या देशातून सांगेल, फाइन, मॉम. मग पुढच्या वेळीही तेच. न दुखणाऱ्या पाठीला तेल चोळायचं काम आता याच्या हातात.

त्यांना एकाएकी फार दमल्यासारखं झालं.

"सावनी, बस जरा," त्या म्हणाल्या. रुमाल उलगडून त्यांनी दुसरा चमचा पुढे केला. "हा कोणत्या रंगाचा?"

"चंदेरी. का?"

"मी तांब्याचा म्हणून दिला."

सावनीने आधी सुयशकडे बघितलं, मग आईकडे. सुयश म्हणाला, "मॉम, लाइट खराब आहे इथे..."

"लाइट चांगला आहे," अरुणाबाई म्हणाल्या. "तू गप्प बस. तुझं काम नाही हे."

सावनीने खुर्ची ओढली. "कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं."

"डॉक्टर?"

"दाखवलंय, मे महिन्यात. मोतीबिंदू आहे. उजव्याचं ऑपरेशन करता येईल. डावा आता राहील तसाच."

"मे महिन्यात. तू मला म्हणालीस, पूर्णिमामावशीकडे गेले होते."

"तिच्याकडेही गेले होते. येताना."

सावनीने डोक्याला हात लावला. तिने भांडायला हवं होतं. अरुणाबाई त्याच तयारीने बसल्या होत्या. पण आठवडाभर बँकेत काम करून आलेल्या त्या पन्नाशीच्या बाईच्या अंगातही भांडायचं त्राण दिसत नव्हतं. "मी काही तुला पकडून न्यायला टपलेली नाही, आई."

"नाहीस. पण खोली तयार आहे."

"आहे. पडदेसुद्धा लावलेत."

"कोणत्या रंगाचे?"

"निळे."

"मला काळे दिसतील."

सावनीला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग ती कामाला लागली, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं. ऑपरेशनची तारीख, रजा, जेवणाचं. "मंगळवारी सुयशला सोडलं की तिथूनच रिफाला जाऊ. ऑपरेशन होईपर्यंत. घर असू दे, मग बघू."

बघू. या घराण्यात तो शब्द कशासाठी वापरतात हे अरुणाबाईंना पक्कं ठाऊक होतं. शिरीषची होडी विकायची वेळ आली तेव्हा जयप्रकाशही म्हणाले होते, पुढची घेऊ, बघू. तरी त्यांनी मान हलवली. "येते," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले होते ना, डोळे चालायचे थांबले की येईन."

मग सावनीने त्यांच्या शेजारी बसून डबा पुन्हा निवडायला घेतला. रंग ती सांगायची, बाकीचं अरुणाबाई. तांब्याचे दोन, लांब जाणारे. एक काळा, ढगाळ दिवशी खालून बघणाऱ्या माशाला आभाळावर काळाच उठून दिसतो. एक पट्टेवाला, पोटाला नारिंगी, न बुडणारा न तरंगणारा. एक गवतावरचा. चंदेरी चमचाही एक ठेवला, ऊन पडलं आणि पाणी निवळलं तर. सुयश कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढून त्यातला आजोबांचा एक चमचा घेऊन आला. त्याचा रंग पार उडाला होता. "हा पण नेऊ?"

अरुणाबाईंनी तो बोटांनी चाचपला. गळ खरखरीत लागले. "गंजलाय. पूर्वी दर शुक्रवारी गोड्या पाण्यातून काढायचे, या चार वर्षांत हातच लागला नाही. हा मोडेल ऐनवेळी. नको नेऊस."

सुयशने तो परत डब्यात टाकला.

मंगळवारी विमानतळावर जायच्या आधी अरुणाबाईंनी स्वयंपाकघर आवरलं. उरलेलं दूध, लोणी, लिंबं जमालुद्दीनकडे पाठवली. तो स्वतः वर आला. "अम्मा, कितने दिन?" त्याने विचारलं. "ऑपरेशन तक," त्या म्हणाल्या. बाटल्यांच्या फळीवर उघडलीच नव्हती अशी बाथरूमची बाटली होती, ती मात्र त्याला परत दिली. "ये आपका सही था."

साखरेचा डबा त्यांनी जागचा हलवला नाही. सावनी खालून हॉर्न वाजवत होती. सुयश दोन बॅगा घेऊन जिन्यात उभा होता. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत घड्या घातलेला रुमाल वरच ठेवलेला होता. विमानात गळ नेता येत नाहीत, तो मोठ्या बॅगेत घाल, असं त्यांनी त्याला बजावलं, आणि त्याने तिथेच जिन्यात बसून बॅग उघडली.

रिफाच्या खोलीत पडदे खरंच काळे दिसले. जेवण झाल्यावर अरुणाबाईंनी वही मागितली नाही. ती त्यांच्या पर्समध्येच होती. पेन जाड होतं तरी सावनीने जास्तीचा दिवा लावून दिला.

मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५. रिफा.
सुयशचं विमान वेळेवर सुटलं. रात्री मुगाची खिचडी, पापड. नईमचा फ्रिज रिकामा करून बंद केला. वास येऊ नये म्हणून दार उघडं ठेवलंय, मध्ये लाटणं लावलंय.